दशाश्वमेधावरची नाव आणि तिचे नवे इंजिन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस काशीविषयी बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा त्यांची अपेक्षा निराळी असणार हे आम्ही जाणून आहोत. नोकरीच्या निमित्ताने काशीस काही वर्षे राहण्याचा योग आलेल्या मराठी माणसाने गागाभट्टांविषयी बोलावे, अहिल्याबाईंविषयी बोलावे, घाटांचा इतिहास सांगावा, ही रीतच आहे. आम्ही मात्र आज एका इंजिनाविषयी बोलणार आहोत. आम्ही साधे बी. ए.; यंत्रशास्त्राशी आमचा संबंध स्कूटरला किक मारण्यापलीकडे कधी गेला नाही. सरकारी नोकरीतील आमच्या खात्याचाही या विषयाशी सुतराम संबंध नव्हता. तरीही काशीहून बदली होऊन निघताना आमच्या मनात जे सर्वांत ठळक राहिले, ते दशाश्वमेध घाटावरील एका नावेचे इंजिन बदलण्याचे प्रकरण. तेच आपल्यापुढे मांडतो.

दशाश्वमेध घाट आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. वाडवडिलांच्या अस्थी घेऊन म्हणा, वा यात्रेकरू म्हणून म्हणा, मराठी माणसाचे पाय तेथे लागतातच. सध्याचा घाट बाळाजी बाजीराव पेशव्यांनी इ. स. १७४८ मध्ये बांधविला आणि १७७४ मध्ये अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला, असे सांगतात. शेजारचा घाट तर अहिल्याबाईंच्याच नावाने ओळखला जातो. तेव्हा तेथील पायरीवर बसून परकेपणा वाटावा, असे आपल्याला काही कारण नाही. आम्ही रोज सायंकाळी बसत असू.

बसले की दृष्टी आपोआप नावांकडे जाते. काशीतील नाव म्हणजे निषाद, मल्लाह समाजाची वंशपरंपरागत पुंजी. पूर्वी ती वल्ह्यांनी चाले. प्रवाहाविरुद्ध जायचे तर काठावरून दोर लावून ओढीत नेत. गंगा येथे उत्तरवाहिनी आहे, त्यामुळे अस्सीकडे जाणे म्हणजे प्रवाहाशी झगडा आणि राजघाटाकडे जाणे म्हणजे प्रवाहाच्या पाठीवर बसणे. ही दिशा आपण ध्यानात ठेवावी, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

मग नावांवर डिझेलची इंजिने चढली. ही इंजिने काही जलवाहनांसाठी जन्मलेली नव्हती. आपल्याकडे विहिरीवर पाणी उपसण्यासाठी जी एका सिलिंडरची इंजिने बसवितात, त्याच जातीची ती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली आणि १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. तेव्हापासून डिझेल इंजिनाचा तो ‘धड्‌धड्’ आवाज मराठी शेतकऱ्याच्या कानास गोडच लागत आला आहे. कारखाने निरनिराळे असतील, पण जात तीच. हँडल फिरवावे, इंजिन सुरू व्हावे. बिघडले तर पाना घेऊन नावाड्यानेच ते उघडावे, साफ करावे आणि पुन्हा बसवावे. नदीचेच पाणी आत घ्यावे आणि इंजिन थंड करून नदीतच सोडावे. त्या पाण्याबरोबर काय काय नदीत जात असे, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

सायंकाळची आरती पाहावयास शेकडो लोक नावांत बसतात. नावा एकीस एक लागून उभ्या राहतात, इतक्या की एकीवरून दुसरीवर पाय ठेवीत माणूस बराच दूर जाईल. आरती संपली की सगळ्यांची इंजिने एकदम सुरू होत. धुपाचा सुगंध एका क्षणात नाहीसा होई आणि पायऱ्यांवर बसलेल्यांच्या नाकातोंडात काळा धूर जाई. आमच्या घरच्या मंडळींना दम्याचा थोडा त्रास आहे. त्या शेवटच्या घंटेपूर्वीच उठून जात. नावाड्यांची मुले त्या धुरातच वाढत होती.

हे बदलावे असे अनेकांना वाटत होते. १ मे २०१६ रोजी अस्सी घाटावर पंतप्रधानांच्या हस्ते विजेवर चालणाऱ्या काही नावांचे वाटप झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ऊर्जा गंगा या वायुवाहिनीची कोनशिला काशीस बसली आणि नळाने नैसर्गिक वायू नगरात येण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे नगराने मोठ्या प्रमाणावर स्वीकारला तो सीएनजीचाच पर्याय. २०२२ च्या आरंभी जी योजना जाहीरपणे सांगितली जात होती ती अशी: लहानमोठ्या सुमारे १७०० नावा, खर्च सुमारे २९ कोटी रुपये, तो गेल या सरकारी कंपनीने आपल्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून करावयाचा. लहान नावेस सुमारे दीड लाख, मोठ्या नावेस वा बजड्यास सुमारे अडीच लाख. नावाड्याने एक पैसाही द्यावयाचा नाही. मात्र नवे यंत्र बसले की जुने डिझेल इंजिन परत करावयाचे. खिडकिया घाटावर, ज्यास आता नमो घाट म्हणतात, तेथे पाण्यावर तरंगणारे गॅस भरण्याचे केंद्र उभे राहिले.

फुकट मिळते आहे, धूर जातो आहे, मग अडचण ती काय? आम्हीही प्रथम असेच म्हणालो. आमच्या ओळखीचा एक नावाडी होता, चाळिशीचा. त्याच्या वडिलांस आम्ही चाचा म्हणत असू. चाचांनी आम्हांस विचारले, “साहेब, घरात सून आणायची तर आधी आईला घराबाहेर काढा, असे कोणी म्हणते काय?” त्यांचे म्हणणे एवढेच होते की नवे इंजिन एक पावसाळा पारखून पाहू द्यावे, मग जुने न्यावे. आम्ही त्यांच्या वतीने हिंदीत एक अर्जही लिहून दिला. आयुष्यभर अर्जांवर शेरे मारणाऱ्याने स्वतः अर्ज लिहिला की त्याचे काय होते, हा अनुभव आमच्या गाठी जमा झाला. योजनेच्या बाजूने पाहिले तर अट योग्यच होती. जुनी इंजिने हातात राहिली असती तर ती पुन्हा नावांतच बसली असती.

आता इंजिन का बदलावे लागते, नुसते इंधन बदलून का भागत नाही, हे आम्हांस एका मिस्त्रीने शिकविले. ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. आपणांस मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी आठवत असेल. २०२३ साली ती रस्त्यांवरून निवृत्त झाली. तिला गॅसचे किट बसविले की तेच इंजिन गॅसवर चाले, कारण ते पेट्रोलचे होते. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. तिला हवेत मिसळलेले पेट्रोल काय आणि गॅस काय, सारखेच. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. तेथे हवा सोळा ते वीस पट दाबतात, त्या दाबाने ती इतकी तापते की आत उडविलेले डिझेल आपोआप पेटते. नैसर्गिक वायू असा सहजासहजी पेटत नाही. त्यास पेटण्यास पाचशे अंशांहून अधिक उष्णता लागते, डिझेलला त्याच्या निम्म्याने पुरते. म्हणजे गॅस हवा तर ठिणगी हवी, दाब कमी हवा. थोडक्यात, इंजिनाचे हृदयच दुसरे हवे.

भगिनींच्या मनात दुसरी शंका येईल ती सिलिंडरची. स्वयंपाकघरातील गॅस हवेहून जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. सीएनजी हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा. तो वर उडून जातो. खोलगट नावेत हा मोठाच गुण आहे. अवगुण असा की सुमारे दोनशे वातावरणांच्या दाबाने कोंबूनही त्यास डिझेलच्या चौपट जागा लागते. तेवढी जाड, जड पोलादी सिलिंडरे नावेत बसली की दोन उतारूंची जागा गेली. आमच्या नावाड्याने हे गणित पहिल्याच दिवशी बोटांवर करून दाखविले. आम्हांस ते कागदावर करावे लागले.

तथापि खरी गोष्ट इंजिनाच्या पुढे सुरू होते. नावेत इंजिन हे एकटे नसते. त्यापुढे गिअरबॉक्स, त्यापुढे लांब शाफ्ट, तो नावेच्या मागील भागातून एका ग्लँडमधून पाण्यात उतरतो आणि त्याच्या टोकास पंखा असतो. जुने डिझेल इंजिन सावकाश फिरणारे आणि जोरकस, बैलासारखे. नवे गॅसचे इंजिन हलके, भरभर फिरेल तेव्हाच जोर देणारे. घोड्यासारखे म्हणा हवे तर. बैलाचे जू घोड्याच्या मानेवर ठेवून चालत नाही. पंख्याचे एक गणित असे आहे की त्याचे फेरे दुप्पट करावयाचे तर जोर दुप्पट नव्हे, आठपट लागतो. जुना मोठा पंखा नव्या इंजिनास तसाच जोडला तर ते धापा टाकते. फारच लहान लावला तर इंजिन सुसाट फिरते आणि नाव जागची हलत नाही. मध्ये योग्य प्रमाणाचा गिअर आणि योग्य मापाचा पंखा बसला तरच मेळ जमतो.

केरळात १९५३ साली नॉर्वेच्या साह्याने मच्छीमारांच्या होड्यांवर यंत्रे बसविण्याचा प्रकल्प सुरू झाला, तेथेही हाच धडा मिळाला होता. जुन्या होड्यांत इंजिने घालून पाहिली, ती जमेनात, तेव्हा इंजिनास साजतील अशा नव्या होड्याच बांधाव्या लागल्या. काशीत नावा त्याच राहिल्या, आणि प्रत्येक नाव दुसरीहून निराळी. सुताराने डोळ्याच्या अंदाजाने बांधलेल्या नावांना कारखान्यातील एकच माप कसे लागू पडावे?

आमच्या नावाड्याचे प्रकरण २०२२ सालचे. त्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस गंगेने धोक्याची पातळी ओलांडली होती. काशीस ती ७१.२६२ मीटर धरतात. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९०१ पर्यंत चढले होते आणि तो विक्रम अद्याप मोडलेला नाही. पूर आला की नावा बंद, म्हणजे कमाई बंद. आरतीसुद्धा घाट सोडून वर गच्चीवर करावी लागते. पूर ओसरल्यावर त्याने नाव काठावर ओढून घेतली, डागडुजी केली आणि नवे इंजिन बसवून घेतले. कारागिरांनी काम नीट केले, यात आम्हांस शंका नाही. इंजिनाचा आणि शाफ्टचा जोड, म्हणजे समोरासमोर बोल्टांनी आवळलेल्या दोन चकत्या, त्यांनी आमच्यादेखत पारखला; मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही फट कोठे कमीजास्त नव्हती. नाव पाण्यात गेली. नारळ फुटला. आवाज इतका कमी की चाचा म्हणाले, “चालू आहे का?”

तिसऱ्या दिवसापासून नाव थरथरू लागली. प्रथम तांब्यातले पाणी हले, मग फळ्या कुरकुरू लागल्या. आठव्या दिवशी साताऱ्याकडील एक कुटुंब वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते. त्यांस आम्हीच या नावेत बसविले होते आणि सोबतही गेलो होतो. विसर्जन झाले. परतताना मणिकर्णिकेसमोर काहीतरी तुटल्याचा आवाज झाला, इंजिन मोकळे फिरू लागले आणि नाव प्रवाहाबरोबर राजघाटाकडे वाहू लागली. ग्लँडमधून पाणी आत येत होते. नावाडी वल्ह्यावर, त्याचा मुलगा डबड्याने पाणी उपसतो आहे, आणि नुकतेच पितृविसर्जन केलेला तो गृहस्थ धोतर सावरून दुसरे डबडे मागतो आहे, असे ते दृश्य होते. दुसऱ्या एका नावेने दोर टाकून ओढून आणले. कोणास इजा झाली नाही. पण त्या दिवशी नावाड्याने एक पैसाही घेतला नाही आणि आमच्याकडे मान वर करून पाहिलेही नाही.

कार्तिकी पौर्णिमेची देवदीपावली म्हणजे नावाड्यांच्या वर्षाची कमाई. त्या वर्षी पौर्णिमेस, ८ नोव्हेंबरला, चंद्रग्रहण असल्याने ती एक दिवस आधी, ७ तारखेस साजरी व्हावयाची होती. हातात अकरा दिवस होते. जुने इंजिन परत गेलेले. चाचांनी आम्हांस एका शब्दानेही अर्जाची आठवण करून दिली नाही. दिली असती तर बरे झाले असते.

मग तो मिस्त्री आला, ज्याचा उल्लेख आम्ही मघाशी केला. सत्तरीचा, एका डोळ्याने अधू. त्याने इंजिनाकडे पाहिलेच नाही. नाव काठावर किती दिवस होती, हे विचारले. महिनाभर, असे उत्तर मिळाल्यावर तो हसला. लाकडी नाव उन्हात महिनाभर वाळली की फळ्या आकसतात. पाण्यात गेली की त्या फुगतात आणि नावेचा आकारच किंचित बदलतो. माणसे बसली की आणखी बदलतो. काठावर सरळ असलेला जोड पाण्यात वाकडा होतो, प्रत्येक फेऱ्यास शाफ्ट ओढाताण सोसतो आणि एके दिवशी सर्वांत अशक्त असेल ते तुटते. जुन्या इंजिनाचा शाफ्ट आखूड, जाड आणि फेरे कमी. त्याचा वाकडेपणा वर्षानुवर्षे खपून गेला होता. नव्याचे फेरे अधिक, तेथे काही खपत नाही. दोष कोणाचाच नव्हता. कारागिरांनी जोड नीट बसविला, पण काठावर; तो बसवावयास हवा होता पाण्यात.

त्याने नाव पाण्यातच ठेवली, बोल्ट सैल केले आणि म्हणाला, “आता दहा-बारा माणसे आणून बसवा, नेहमी बसतात तशी.” सकाळच्या वेळी, कमाई सोडून, फुकट बसावयास कोण येणार? नावाड्याच्या घरचे सहाजण बसले. घाटावरचे दोन साधू आले. आणि आम्ही व आमच्या घरच्या मंडळी, असे दोघेजण, वजन म्हणून बसलो. केंद्र सरकारच्या सेवेत आमच्या वजनाचा उपयोग झाल्याचे आम्हांस तरी दुसरे उदाहरण ठाऊक नाही. चार तास बसलो. हलावयाचे नाही, एका बाजूस झुकावयाचे नाही. मिस्त्री आडवा पडून दोन चकत्यांच्या फटीत पातळ पत्र्याच्या पट्ट्या सरकवी, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. मग इंजिनाच्या पायाखाली एखादी पट्टी घाली, पुन्हा मापी. सौभाग्यवतींनी तेवढ्यात विष्णुसहस्रनाम दोनदा म्हणून घेतले. ग्लँडमधील चरबी लावलेली दोरी त्याने नवी भरली आणि सांगितले की थेंब थेंब पाणी येऊ दे, अगदी बंद करू नकोस. कोरडी झाली तर शाफ्ट खाईल. पंखा काढून थोडा लहान बसविण्यास पुढे आणखी दोन दिवस गेले.

सात तारखेस नाव चालली. पूर्ण उतारू भरण्याचे धैर्य त्यास झाले नाही, निम्मेच बसविले. म्हणजे कमाईही निम्मी.

त्यानंतर आम्ही तेथे दोन वर्षे होतो. जे आढळले ते जसेच्या तसे सांगतो. घाटावरचा धूर पुष्कळ कमी झाला, हे निर्विवाद. आमच्या घरच्या मंडळी आरती संपेपर्यंत बसू लागल्या, एवढा पुरावा आम्हांस पुरेसा आहे. पाण्यावर तेलाचे तवंग कमी दिसू लागले. हवामानाच्या दृष्टीने लाभ किती, याविषयी मात्र आम्ही जपून बोलू. गॅस जळताना कर्बवायू कमी देतो हे खरे, पण न जळता निसटला तर तो स्वतःच उष्णता धरून ठेवणारा वायू आहे.

नावाड्याच्या बाजूने पाहता दोन गोष्टी बोचत. एक, गॅस भरणे. दशाश्वमेधाहून नमो घाट साडेतीन-चार किलोमीटर, प्रवाहाच्या दिशेने. जाताना नदीच नेते. भरून परत येताना तिच्याविरुद्ध यावे लागते, म्हणजे भरलेल्यातला काही भाग आणण्यातच जातो. रांग असेल तर सकाळ गेली. पूर्वी डिझेलचा डबा सायकलवर घाटापर्यंत येई. पुढे वरच्या अंगास रविदास घाटावर दुसरे केंद्र झाले, तेव्हा हा जाच कमी झाला. रिकाम्या नावेने चढावे आणि भरल्या नावेने प्रवाहाबरोबर उतरावे. केंद्रे तरंगती असल्याने पाण्याबरोबर वरखाली होतात, ही कल्पना मात्र मोठी नामी.

दुसरी गोष्ट अधिक खोल. नावाड्यास स्वतःचे इंजिन उघडता येईनासे झाले. ठिणगीचा प्लग, दाब उतरविणारे यंत्र, तारांचे जाळे. शिवाय दोनशे वातावरणांच्या दाबास पाना लावणे हे साहस नव्हे, आत्मघात. सिलिंडरांची ठरावीक मुदतीने तपासणी करून घ्यावी लागते, कागद सांभाळावे लागतात. चाचांच्या हातांस पन्नास वर्षे जे ज्ञान होते ते एका दिवसात निरुपयोगी झाले. योजनेच्या खर्चात इंजिनाची किंमत होती, सिलिंडराची होती. प्रत्येक घरातील एका मुलास सहा महिने शिकविण्याची तरतूद करावयास फार पैसा लागला नसता, असे आमचे मत आहे. आम्ही स्वतः सरकारी माणूस असल्यामुळे हे म्हणण्याचा आम्हांस अधिकार अधिक आहे, कमी नव्हे.

आमच्या नावाड्याने स्वतःपुरता मार्ग काढला. मुलगा शाळा सुटल्यावर त्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे जाऊ लागला. गॅसच्या जोडणीस हात लावावयाचा नाही, असे त्यास बजावले होते. पण शाफ्ट, ग्लँड, पंखा आणि जोड यांत तो वर्षभरात इतका तयार झाला की इतर नावांची बोलावणी येऊ लागली. नाव पाण्यात, माणसे आत बसलेली, अशाच स्थितीत तो मापे घेतो. माणसे जमविण्याचे काम चाचांकडे आहे. घाटावर पर्यटकांस ‘बोटिंग, बोटिंग’ म्हणून हाका मारणाऱ्यांत चाचा उभे राहून ‘फुकट बसा, हलू नका’ म्हणून ओरडतात, तेव्हा नवख्या यात्रेकरूंची मोठी पंचाईत होते.

दरम्यान गोष्ट आणखी पुढे गेली आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी कोचीन शिपयार्डने बांधलेल्या हायड्रोजनवर चालणाऱ्या नौकेस पंतप्रधानांनी निशाण दाखविले. ती काशीसाठी बांधलेली. तिच्यात ठिणगीही नाही आणि धूरही नाही. हायड्रोजनपासून वीज होते आणि विजेवर पंखा फिरतो. आम्ही ही बातमी चाचांस वाचून दाखविली. त्यांनी एकच विचारले, पंखा आहे ना? आहे, म्हटल्यावर नातवाकडे पाहून मान डोलावली.

आपण काशीस गेलात तर दशाश्वमेधावर नावेत बसताना मागच्या बाजूची फळी उचलून दाखवावयास सांगावे. नावाडी खुशीने दाखवितात. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी येताना दिसले तर घाबरून जाऊ नये.

 प्रश्न अवश्य विचारावेत. उत्तरे येतीलच असे नाही, कारण मिस्त्री काशीस आहेत आणि आम्ही येथे.